नगरपालिकेवर नेलेली वरात

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडवर पोरं ओरडली, "वरातवाल्याची पोरगी चालली!" माझी ट्रंक टपावर चढवून अण्णा खाली उतरत होते. त्यांनी हसून पोरांना हात केला. मी खिडकीत तोंड फिरवून बसले.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात अण्णांचं बांगड्यांचं दुकान. गल्लीत नळ होते, पाणी नव्हतं. अर्ज करून करून दमल्यावर अण्णा, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे रहीमचाचा आणि साऱ्या बाजाराशी भांडणाऱ्या गंगूमावशी, अशी तिघांची फौज निघाली. रिकाम्या घागरीला मुंडावळ्या बांधून त्यांनी तिची वरात नगरपालिकेवर नेली. नगराध्यक्ष बाहेर आले, घागरीवर अक्षता टाकल्या नि म्हणाले, "नवरदेव कुठाय?" सारं गाव हसलं. तिघं रोज जात राहिले, गाव रोज हसत राहिलं. मला घराबाहेर पडणं नको झालं.

पुण्याजवळ टीव्ही जोडणारा नवा कारखाना निघाला होता, तिथं मी लागले. शिफ्ट, ओव्हरटाइम, कँटीन, हॉस्टेल. बोलण्यातल्या 'हाय'चं 'आहे' झालं. दिवाळीलाही गावी जायचं टाळलं.

शेवटी अण्णाच भेटायला आले. हॉस्टेलच्या मुलींनी आम्हाला सिनेमाला नेलं. विनोदी सिनेमा, गावानं वेड्यात काढलेली चार माणसं नगरपालिकेला वठणीवर आणतात. थिएटर हसून लोळत होतं, अण्णा सगळ्यांत मोठ्यानं. मी अंधारातही खुर्चीत खाली सरकले. शेवटी ती माणसं जिंकली, गुलाल उडाला.

बाहेर चहा पिताना अण्णा मुलींना म्हणाले, "आमच्याकडं बी असंच झालतं. मीच होतो की त्यात!" आणि घागरीची सगळी कथा सांगितली. मी कपात बघत राहिले. पण कुणी हसलं नाही. एकीनं विचारलं, "मग काका, पाणी आलं का?"

"आलं की. पर लई उशिरा. रहीमचाचा गेले त्याच सकाळी आलं. पहिली घागर त्यांच्या मयतीच्या आंघोळीला लागली."

चाचा गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं. "मला कळवलं का नाही?" मी विचारलं.

अण्णांनी कप खाली ठेवला. "तुला त्या गोष्टीची लाज वाटती, माय. मग कावून सांगायचं?"

मी त्यांच्यासोबतच गावी गेले. चाचांच्या बायकोनं दार उघडलं. कुठं होतीस, असं विचारलं नाही. "आ बेटी, बैठ," म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढं केला. त्यांच्याकडं न बघता मी पाणी प्यायले.

आता वर्षातून एकदा तरी जाते. गाव म्हटलं की मला आमच्या घराआधी ते दार आठवतं. तिथं कुणीतरी मला दोन शब्द सुनावायला हवे होते. अजून कुणी सुनावलेलं नाही.