आधी तुमचं होऊ द्या

देवाशी माझे संबंध लग्नपत्रिकेपुरते होते. वर कुलदैवताचं नाव छापायचं आणि खाली आपलं आपण उरकायचं. त्यामुळे हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

आई नांदेडच्या एका वृद्धाश्रमात आहे. तिचं विस्मरण वाढलं, दोनदा ती घरातून निघून गेली आणि रस्त्यावर सापडली, आणि लातूरला आम्हा नवरा-बायकोच्या नोकऱ्या. मी पाच-सहा ठिकाणं पाहिली. बहुतेक ठिकाणी आधी संगमरवरी मंदिर दाखवत, मग दात्यांच्या नावांची पाटी. बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, असं विचारलं की व्यवस्थापक शिपायाकडे बघत. इथे दांडी होती, फरशी खडबडीत होती, म्हणून आईला इथे ठेवलं.

दोन महिन्यांनी अशक्तपणामुळे तिचं ताट खोलीत येऊ लागलं आणि तिनं जेवण सोडलं. अशक्त माणसांना आधी, गरम असतानाच खोलीत ताट द्यायचं, असा तिथला नियम. नियम चांगलाच होता. पण ताट आलं की आई ते हळूच सारून द्यायची. डॉक्टरांनी दात, घसा, पोट, सगळं तपासलं. "घरी कसं जेवायच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "वेळेवर." शेवटी ते म्हणाले, उद्या नाकातून नळी घालू. ती ओढून काढू नये म्हणून हात बांधावे लागतील, हेही त्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं. सहीसाठी दिलेला कागद खिशात घालून मी आईपाशी येऊन बसलो.

तिच्या उशाशी माहूरच्या रेणुकेची तसबीर आहे. 'तुझी देवी' म्हणून मी आईला आयुष्यभर चिडवत आलो. त्या दुपारी तसबिरीकडे बघून हात जोडले, पण काय मागावं तेही सुचेना. एवढंच म्हणालो, मला कळत नाही, आता तू बघ.

तेवढ्यात नजमाबी ताट घेऊन आल्या. भोकरच्या, चाळिशीच्या, त्याच दिवशी कामावर रुजू झालेल्या. आईनं ताट सारलं. त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"मायनं ताट कुणाकडं सारलं बघितलं का? तुमच्याकडं. तुम्ही जेवलाव का?"

"नाही."

"मग ती कशी जेवंल? माझी सासू अशीच व्हती. घरातलं शेवटचं माणूस उठल्याबिगर घास न्हाई घ्यायची."

त्यांनी आणखी दोन ताटं आणली. "बसा. मी बी बसते."

आम्ही जेवलो. आई आमच्या ताटांकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "भात वाढा त्याला." हात धुऊन नजमाबी मोठ्यानं म्हणाल्या, "माय, समद्यांचं झालं. आता तुमचंच ऱ्हायलं." आईनं दाराकडे पाहिलं, आणखी कुणी यायचं नाही याची खात्री केली, पदर सारखा केला आणि ताट ओढून घेतलं. अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण खाल्लं. कागद मी सही न करताच परत दिला.

पन्नास वर्षं मी तिच्या हातचं जेवलो. ती कधी जेवते, तिच्यापुरतं काय उरतं, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

देवदूत काम झालं की दिसेनासे होतात, असं ऐकलं होतं. नजमाबी अजून ड्युटीवर आहेत आणि मी पेढे आणले की रागावतात. देवीनंच तुम्हाला पाठवलं, असं एकदा म्हणालो, तर म्हणाल्या, "मॅडमनं पाठवलं. एक बाई सुट्टीवर गेली व्हती." मी वाद घातला नाही. मला कळत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं आणि ज्यांना कळत होतं त्या नजमाबी दारातून आत आल्या. देवीला आणि नजमाबींना मी एकदमच नमस्कार करतो. दोघींचं आपसात काय ठरलं, ते विचारत नाही.

आईचं ताट आता सगळ्यांच्या शेवटी येतं. दर रविवारी मी लातूरहून उपाशीपोटी जातो आणि तिच्यासमोर बसून जेवतो. ती मला ओळखत नाही. नजमाबींना हळूच विचारते, "पाव्हण्यांचं पोट भरलं का?"

मी म्हणतो, "भरलं." मग ती पहिला घास घेते.