ओसरीतली उर्दू

मुलगा सहा वर्षांचा होत आला तेव्हा मी हुलसूरला सरकारी कचेरीत कारकून होतो. निजामाचं राज्य, शाळा उर्दूची, नोकरीही उर्दूचीच. घरात मराठी आणि शेजारच्या अक्कांकडे कानडी. या दोन भाषांत पोरगं वाया जाणार, अशी माझी खात्री झाली होती. म्हणून मी फर्मान काढलं: ओसरीवर फक्त उर्दू, बाकीचं काय ते स्वयंपाकघरात.

अडचण एवढीच, की मला येणारी उर्दू अर्जांची होती. लेकराशी कोणत्या उर्दूत बोलतात, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. मी त्याला पाण्याचा तांब्या ‘पेश’ करायला सांगे आणि उशीर झाला की ‘वजह’ विचारी. एकदा आतून बायको म्हणाली, “लेकराशी बोलायलाव का समन्स बजवायलाव?” हिला राज्यकारभारातलं काय कळतं, असं मी मनाशी म्हणालो.

हळूहळू पोरगं ओसरीवर यायचं बंद झालं. मला जेवायला बोलवायचं असलं तर उंबऱ्याच्या आत नुसतं उभं राही आणि मी मान वर केली की पळे. मी याला अदब समजलो. कचेरीत कौतुकानं सांगितलंसुद्धा.

दाखल्याच्या दिवशी शेरवानी घालून मी त्याला शाळेत नेलं. पांढऱ्या दाढीच्या हेडमास्तरांनी त्याला जवळ घेऊन घरी कोण कोण आहे ते विचारलं. मी मनातल्या मनात त्याचं उत्तर जुळवू लागलो. पोरगं मात्र गल्लीतल्या दखनी उर्दूत घडाघडा बोलायला लागलं: आई, आजी, शेजारच्या अक्का, त्यांची शेळी, शेळीचं करडू. ही भाषा मी शिकवलेली नव्हती. ती गोट्या खेळताना आली होती.

“और अब्बा?”

“ओ घर में नै रहते. ओसरी में रहते.”

हेडमास्तर हसले. मीही हसलो, कचेरीत साहेब हसले की हसतो तसा. दाखला झाला. निघताना ते म्हणाले, उर्दूचं आमच्यावर सोडा, तुम्ही त्याच्याशी नुसतं बोला.

त्या संध्याकाळी मी पाट घेऊन स्वयंपाकघरात त्याच्या शेजारी बसलो आणि मराठीत विचारलं, शाळा कशी वाटली. त्यानं घास हातात तसाच धरला. माझ्याकडे पाहिलं नाही. आईचा पदर ओढून हळूच म्हणाला,

“आये, आता इथं बी बोलायचं न्हाई का?”