गुरुजींच्या घरातला बिनपासवर्डचा कॉम्प्युटर

तो अर्ज आणि तो देणारी मुलगी, दोन्ही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दोन हजार सात-आठचा काळ असावा. मी गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावला ठाणेदार होतो. खुनाचे, जंगलातल्या शिकारीचे कितीतरी तपास केले. त्यातले बरेच आता विसरलो, हा मात्र विसरता येत नाही.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. अशा दिवसांत ठाण्यात गर्दी नसते, सगळा तालुका धानाच्या बांधीत वाकलेला असतो. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. तेवढ्यात एक मुलगी वडिलांसोबत आली. वडील निवृत्त मुख्याध्यापक, गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरात हे दोघंच.

मुलीला पुण्याच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली होती. रुजू होण्याआधी वसतिगृहाची चौकशी करायला तिने दवाखान्यात फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही ईमेलने नकार कळवलाय. तुमच्या जागी दुसरी मुलगी घेतली." नकार तिच्याच पत्त्यावरून गेला होता. तिने तो पाठवलाच नव्हता.

"माहं नाव घेऊन कोणी लिहिलं, तेवढं शोधा साहेब," ती म्हणाली. गुरुजी बाजूला मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, मुलीच्या दुःखाने.

अर्ज चौकशीला घेतला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला; कोणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. "त्या टायपिंगवाल्याले विचारा. गावभरच्या कॉम्प्युटरच्या चाव्या त्याच्यापाशी आहेत."

हा टायपिंगवाला चाळिशीतला गृहस्थ. आधी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचा. टाइपरायटरचे दिवस सरले तसा कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकला. ईमेल गेला त्याच आठवड्यात तो गुरुजींच्या घरी जाऊन आला होता. मला एवढं पुरेसं वाटलं. दोन दिवस त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवलं. येणारा-जाणारा पाहत होता.

"पासवर्ड कोणाकोणाचे माहीत आहेत तुला?"

"कोणाचाच नाई साहेब. अन् गुरुजीच्या घरी तर पासवर्डच नोहोता. मी म्हटलो होतो, दोघाईचे अलग खाते करा, पासवर्ड टाका. गुरुजी म्हणाले, घरात काय चोर आहेत?"

"मग तू कशाला गेला होतास?"

"बटन दाबलं तरी चालू होत नोहोता. मी कायले तिची नोकरी घालवीन? तिले मीच टायपिंग शिकवलो."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आवाज चढवला. हात उचलला नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी गोंदियाहून एक महिला शिपाई बोलावली. जिल्ह्यात तेव्हा कॉम्प्युटर जाणणारे पोलीस एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गुरुजींच्या घरी दोन पंचांसमोर तिने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर घरच्या दोघांचं मिळून एकच खातं, तेही सगळे अधिकार असलेलं. पाहुण्यांचं खातं उघडं. बाहेरून घुसणाऱ्यांना अडवणारी फायरवॉल बंद. मुलीचा ईमेल एका क्लिकवर समोर, पासवर्ड यंत्रानेच लक्षात ठेवलेला.

"सर, ये तो खुला मैदान है," ती म्हणाली. मग तिने आतल्या नोंदी काढल्या. "टाइम देखो सर. बुधवार, ग्यारह बजके दस मिनट पे मशीन चालू हुई. ग्यारह पैंतीस को मेल गया. इसी मशीन से."

त्या बुधवारी मुलगी वैद्यकीय दाखल्यासाठी गोंदियाला गेली होती. टायपिंगवाला तहसील कार्यालयात प्रिंटर दुरुस्त करत होता. तिथल्या रजिस्टरात त्याची सही मिळाली.

मी त्या ईमेलची छापील प्रत पुन्हा वाचली. इंग्रजी स्वच्छ, व्याकरण चोख. आणि खाली डाव्या बाजूला, रजेच्या अर्जावर लिहितात तसं, आधी ठिकाण, मग दिनांक. तेवीस वर्षांची मुलगी ईमेलवर ठिकाण-दिनांक घालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत एकटाच गुरुजींकडे गेलो. प्रत त्यांच्यापुढे ठेवली, बोट त्या दोन ओळींवर. त्यांनी चष्मा काढला.

"मीच पाठवलं. तिची आई गेल्यापासून घरात दुसरा आवाज तिचाच. तोही जायला निघाला होता."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, मले सांगाचं होतं. मी थांबली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं," गुरुजी म्हणाले. "तू माझ्यापायी थांबलीस, हे मला रोज पाहावं लागलं असतं."

ती रडली नाही. आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली.

तिने अर्ज मागे घेतला. गुरुजींनी दवाखान्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, सगळं कबूल करून. सोबत मी चौकशीचा अहवाल जोडला. चार महिन्यांनी तिथे जागा निघाली आणि तिला बोलावणं आलं. तिला गाडीत बसवून द्यायला गुरुजी स्टेशनवर गेले होते, असं नंतर कळलं.

पण टायपिंगवाल्याचं काय? लोकांनी त्याला घरी बोलावणं बंद केलं होतं. ज्याने कुलूप लावा म्हणून सांगितलं, त्यालाच मी चोर ठरवलं होतं. ठाणेदाराने चारचौघांत बाकावर बसवलेल्या माणसाला कागदावर निर्दोष लिहून भागत नाही.

एका रविवारी सकाळी मी त्याला क्वार्टरवर बोलावलं. शेजारच्या बिऱ्हाडांतल्या, तहसीलच्या ओळखीच्या लोकांनाही बोलावलं. सर्वांसमोर म्हणालो, "याच्या बाबतीत माझी चूक झाली. आजपासून माझ्या घरचा कॉम्प्युटर याच्या हवाली."

तो लगेच कामाला लागला. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं केलं, रोजच्या वापराला कमी अधिकारांचं. पाहुण्यांचं खातं बंद, बाहेरून कॉम्प्युटर चालवायची सोय बंद, फायरवॉल सुरू. साठवलेले पासवर्ड पुसले. प्रत्येक वेळी "हे काऊन करून राहिलो", म्हणजे कशासाठी करतोय, तेही जमलेल्यांना सांगितलं.

कुलूप चोरासाठी असतं, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. घरच्या माणसाला मोहाच्या क्षणी थांबवायलाही ते लागतं, हे मला या प्रकरणात समजलं. गुरुजींना एक पासवर्ड आडवा आला असता, तर कदाचित ते मुलीशी बोलले असते.

शेवटी तो खुर्चीवरून उठला. "आता पासवर्ड तुमी टाका साहेब," म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभा राहिला.