मास्तरीण की स्वयंपाकीण

एका सेवाभावी संस्थेच्या साहेबांनी मला फसवलं. शिकवायला म्हणून आफ्रिकेत नेलं आणि तिथं स्वयंपाकीण म्हणून माझी ओळख करून दिली.

सोलापूरच्या एसटी स्टँडवर टोपलीत भाकरी विकत मी धंदा उभा केला. आज माझ्या शेडमध्ये बायका कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतात. मलावीतल्या तळ्याकाठच्या एका गावात भुईमुगाच्या शेंगा आणि ज्वारी भरपूर, तिथल्या बायकांना हे शिकवायचं, असं साहेब म्हणाले. पगार नाही, नुसती सेवा. मी हो म्हटलं.

तिथं आमच्या टीमचं जेवणही मीच करायचे, आणि तिथल्या बायका मला एका ठरावीक शब्दानं हाक मारायच्या. अर्थ विचारला, तर साहेब हसत म्हणाले, "आपल्या टीमची स्वयंपाकीण."

"असं व्हय? मग आजपासून चूल बंद."

"अहो ताई, जेवायला घालणं पुण्यच की!"

"माझं पुण्य मी बघते. उद्या सगळ्यांसमोर सांगा, ही मास्तरीण हाय. न्हायतर तुमी आन् तुमची टीम शेंगा खाऊन झोपा."

त्या रात्री साहेब उपाशी झोपले. सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर मला मास्तरीण म्हटलं.

पण मास्तरणीची पहिलीच भाकरी फसली. सोलापूरच्या कोरड्या हवेत भाकरी आपोआप कडक राहते, तशीच मी ती उघडी ठेवली. तळ्याच्या दमट हवेनं रात्रीत ती चामड्यासारखी झाली. बायका मांड्यांवर थापा मारत हसल्या. मी रागानं परात आपटली.

त्यांच्यातली थोरली, जिला मी आक्का म्हणायचे, मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली. चुलीवर बांबूची ताटी टांगली होती, तिच्यावर मासे वाळत होते. आक्कानं माझी भाकरी माशांशेजारी ठेवली. मी नाक दाबलं. मग खाणाखुणांनी घासाघीस झाली: तिनं मासे बाजूला करायचे, मी तिला सगळ्यांआधी चटणी शिकवायची. भाषेचा एक शब्द न वापरता इतका चोख सौदा मी कधी केला नव्हता. ताटीवरची भाकरी दुसऱ्या दिवशी कडाडकन मोडली.

परत आल्यावर मी भट्टीवर जाळीच्या ताट्या टांगल्या. पूर्वी पावसाळ्यात माझं दुकान थंड पडायचं, आता बाराही महिने माल बाहेर जातो. जवळच्या होटगी गावच्या बायका माझ्याकडे शिकायला येतात. चार लोकांपुढे उभी राहून मी बोलते. आणि घरी? माझ्यामागं नवरा भाकरी थापायला शिकला. "आणखी एकदा जाऊन ये की, पुरणपोळीबी शिकतो," म्हणतो.

परवा संस्थेनं परदेशात सेवेला जाऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी कार्यक्रम ठेवला. पडद्यावर माझा फोटो आला. मी बायकांच्या घोळक्यात शिकवतेय आणि खाली लिहिलंय, 'स्वयंपाक विभाग'.

मी उभी राहिले. मुलींना सांगितलं, "जावा गं. परदेशात जाऊन फुकट राबा. तितं जे मिळतं ते हितं बसून न्हाय मिळत. पण कोण म्हणून नेत्यात, ते आधी ठरवून घ्या."

साहेब म्हणाले, "चुकून लिहिलं गेलं असेल, ताई."

चुकून? साहेब, परक्या गावात तुम्ही स्वतःच्या तोंडानं मला मास्तरीण म्हणालात. मग आपल्या सोलापुरात ते तोंड कुठं गेलं? त्या हॉलमध्ये, त्याच मुलींसमोर, मला उत्तर पाहिजे.