सकाळची अर्धी गोळी

ताईंचं काम चुका शोधण्याचं होतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला पातळ कागद असतो ना, जो बहुतेक लोक न उघडताच फेकून देतात, तो छापणाऱ्या एका छापखान्यात त्या चौदा वर्षं मुद्रितं तपासत होत्या. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. समोर बसलेले काका मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचे आणि ताई लाल पेन हातात धरून छापील कागदावरून नजर फिरवायच्या. काका विरामचिन्हंही वाचत. "जेवणानंतर घ्यावी पूर्णविराम गर्भवती स्त्रियांनी स्वल्पविराम..." नवीन माणसाला हसू आवरायचं नाही. ताई हसत नसत. एखादं टिंब इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, ही धास्ती त्यांच्या अंगात मुरली होती. चौदा वर्षांत त्यांच्या नजरेतून दोनच चुका सुटल्या होत्या, आणि दोन्ही त्यांना तारखेसकट पाठ होत्या.

त्यांची एकुलती एक मुलगी सात वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणत. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडे निघायची, वाटेत खिडकी लागायची, खिडकीत मांजर दिसायचं, मांजरामागे जिना लागायचा आणि पाणी राहूनच जायचं. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण मोज्याची शिवण बोटाला लागली की ती अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखी किंचाळायची. मिक्सर लावायच्या आधी तिला सांगावं लागे, मग ती कपाटात जाऊन दार ओढून घेई. केस विंचरताना दोघी मायलेकी रडकुंडीला येत. आणि हीच मुलगी दुपारी गादीखाली शिरून म्हणायची, "आई, माझ्यावर बस ना. अजून जोरात."

भिंगरीचे वडील फरश्या बसवायचे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. दिवसभर गुडघ्यांवर रांगून संध्याकाळी घरी आले की ते भिंतीला टेकून पाय पसरत आणि भिंगरी त्यांच्या पोटऱ्यांवर उभी राहून चालायची. "माझ्यावर गेलीय," ते कौतुकानं म्हणत. "मी तरी शाळेत कुठं टिकलो? माझं काय बिघडलं?"



दुसरीत असताना एके दिवशी शाळेत आगीच्या भोंग्याची चाचणी झाली. मुलांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, पण भिंगरीच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं. भोंगा वाजला तशी ती कानावर हात दाबून जी पळाली, ती फाटकातून थेट रस्त्यावर. शाळेनं ताईंना फोन केला, ताईंनी मिस्त्रींना. तीन तास शोधाशोध झाली. सापडली ती दोन चौक पलीकडे, पाण्याच्या टाक्या विकणाऱ्याच्या अंगणात. आडव्या पडलेल्या एका काळ्या रिकाम्या टाकीत ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दुकानदाराला पत्ताही नव्हता. मिस्त्री टाकीत शिरले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हळू बोला. इथं मोठं ऐकू येतं." एक चप्पल नव्हती, आणि तळवा काचेनं कापला होता.

मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "तिला डॉक्टरांना दाखवा. आज ती सापडली."

लहान मुलांच्या मनाच्या त्या डॉक्टर बाईंनी तीन वेळा बोलावलं. भिंगरीला खेळायला दिलं, चित्रं दाखवली, शाळेकडून लांबलचक फॉर्म भरून घेतले. तिसऱ्या खेपेला त्यांनी समजावून सांगितलं. लक्ष एका जागी ठेवणं या मुलीला जमत नाही, तो तिचा हट्ट नव्हे. आवाज, स्पर्श, उजेड तिच्यापर्यंत इतरांपेक्षा जास्त जोरात पोचतात. त्यासाठी व्यायाम आहेत, ते शिकवणाऱ्या बाई आहेत. आणि लक्षासाठी एक गोळी आहे. "सकाळी नाश्त्यानंतर अर्धी. महिनाभर देऊन बघू. नाही मानवली तर थांबवू."

ताईंनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. त्या गोळीचं पत्रक त्यांनी तीनदा तपासलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत 'वजन' या शब्दात एक अक्षर उलटं पडलं होतं, ते त्यांनीच पकडलं होतं.

"भूक मंदावणे," त्या म्हणाल्या. "झोप न लागणे. पोटदुखी. वाढ मंदावणे. अंगाला झटके, रडू येणे, हृदयाचे ठोके..."

डॉक्टर थांबल्या. "तुम्ही नर्स आहात का?"

"नाही. मी वाचते फक्त."

"सगळं सगळ्यांना होत नाही, ताई."

"माझ्या मुलीला काय होईल?"

"ते आधी सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं ताईंनी मनात नोंदवलं.

घरी आल्यावर मिस्त्रींनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली आणि कपाटाच्या वरच्या खणात टाकली. "एवढ्याशा पोरीला गोळ्यांवर घालायचं? शाळेला शांत पोर पाहिजे म्हणून? अजिबात नाही. माझी पोर वेडी नाही."

ताई स्वयंपाकाला लागल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. पण हे त्यांनी स्वतःलाही कळू दिलं नाही.

त्यानंतर कुणीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. शाळेत विचारलं, व्यायामाच्या बाईंनी विचारलं, बहिणीनं फोनवर विचारलं. "मी तयार आहे गं. पण घरी ऐकत नाहीत." बहीण चुकचुकायची. "पुरुषांना काय कळतंय!" ताई हूं म्हणायच्या.

आठ महिने असेच गेले. रिकामे गेले असं म्हणता येणार नाही. व्यायामाच्या बाईंनी झोका टांगायला लावला, जड पांघरूण शिवून घ्यायला सांगितलं, आवाज अडवणारी, कानांवर लावायची जाडजूड झाकणं दिली. मोजे उलटे घातले की शिवण लागत नाही, हे ताईंनी स्वतः शोधून काढलं. भोंग्याच्या दिवशी भिंगरीला घरीच ठेवायचं, असं शाळेनं कबूल केलं. किंचाळणं कमी झालं. लक्ष मात्र होतं तिथंच राहिलं. तिसरीचं वर्ष सुरू झालं आणि भिंगरीला पहिलीतलंही वाचता येईना. ओळ सुरू करायची, तिसऱ्या शब्दावर हरवायची. बाईंनी तिचं बाक वेगळं करून भिंतीजवळ लावलं, तिच्या भल्यासाठीच. मग मधल्या सुट्टीतही ती तिथंच बसू लागली. शेजारची एक मुलगी रोज तिच्याबरोबर शाळेत जायची, तीही हळूच दुसऱ्या मुलींबरोबर जाऊ लागली. तिच्या आईनं जिन्यात ताईंना गाठून सांगितलं, "राग मानू नका हं. आमच्या मुलीचाही अभ्यास राहतो." ताई म्हणाल्या, "नाही, नाही, बरोबर आहे." घरात आल्या आणि धुतलेलीच भांडी त्यांनी पुन्हा धुतली.

त्याच सुमाराला छापखान्यात त्या गोळीच्या पत्रकाची चौथी आवृत्ती आली. काकांनी चष्मा पुसला आणि नेहमीच्या सुरात सुरुवात केली. "लहान मुलांमध्ये आढळलेले परिणाम अपूर्णविराम भूक मंदावणे स्वल्पविराम चिडचिड स्वल्पविराम उदासपणा स्वल्पविराम..." वाचता वाचता त्यांनी वर पाहिलं. ताईंचं लाल पेन पहिल्याच ओळीवर थांबलं होतं, आणि शाईचा ठिपका कागदावर पसरत चालला होता.

"काय झालं गं?"

ताईंनी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं.

काकांनी कागद खाली ठेवला. "माझ्या रक्तदाबाच्या गोळीचं पत्रक आपणच तपासलंय की. घरी जाऊन तीन दिवस गोळी घेतली नाही मी. चौथ्या दिवशी चक्कर येऊन न्हाणीघरात पडलो. बायको म्हणाली, कागद खा आता." ते हसले. ताई हसल्या नाहीत, तेव्हा म्हणाले, "घरी मिस्त्री नको म्हणतात ना?"

"हो," ताई म्हणाल्या.

"आणि तू?"

ताईंनी नवीन प्रत मागवली आणि म्हणाल्या, "पुढं वाचा."

त्यानंतर महिन्याभरानं मिस्त्रींचा गुडघा सुजला आणि ते दुपारीच घरी आले. भिंगरी शाळेतून आली होती, शेजारच्या आजी तिला घरात सोडून गेल्या होत्या, आणि ताई यायला अजून तासभर होता. वडील आल्याचं पोरीला कळलं नाही. ती वही उघडून जमिनीवर बसली होती. एक शब्द लिहायची, थांबायची, आणि लोखंडी कंपासपेटीनं स्वतःच्या कपाळावर मारायची. हळू नव्हे. आणि दातांवर दात रोवून म्हणायची, "गप्प बस. गप्प बस. तू गप्प बस." मिस्त्रींना वाटलं खेळ चालला आहे. मग त्यांना कपाळ दिसलं.

ताई आल्या तेव्हा भिंगरी वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि खणातली चिठ्ठी मिस्त्रींच्या हातात होती.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं. गोळी सुरू करायची," ते म्हणाले.

ताई हातातली पिशवी तशीच धरून उभ्या राहिल्या. "असं एकदम कसं? तिचं वजन आधीच कमी आहे. परीक्षा होऊ दे. उन्हाळ्यात बघू. तुम्ही वाचलेलं नाही ते, मी वाचलंय."

"मी नको म्हणत होतो तेव्हा तू तयार होतीस."

"तेव्हा..."

"सगळ्यांना तसंच सांगत होतीस ना? मेहुणी मला फोन करून झाडते, तुमच्यामुळे पोरीचं वाटोळं होतंय म्हणून. मी ऐकून घेतलं." मिस्त्रींचा आवाज चढला नव्हता, पोर झोपली होती. "तू मला पुढं केलंस आणि मागं लपून बसलीस. मी अडाणी, मला भीती वाटली तर समजण्यासारखं आहे. तू तर शिकलेली."

"शिकले म्हणूनच भीती वाटते हो!" ताई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. मिस्त्रींनी त्यांना जवळ घेतलं नाही. मांडीवर पोर होती, आणि कदाचित घेतलं नसतंच.

चार दिवसांनी गोळी सुरू झाली. गोळीच्या मध्यावर एक बारीक रेघ असते, तिच्यावर चाकू ठेवून ताईंनी तिचे दोन तुकडे केले. एक तुकडा किंचित मोठा झाला. मोठा द्यायचा की लहान, यातच पाच मिनिटं गेली. शेवटी मिस्त्रींनी हातातून घेऊन लहान तुकडा पोरीच्या जिभेवर ठेवला.

गोळी लागू पडली. हे सांगायलाच हवं, कारण ताईंनी स्वतः ते कधी नाकारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात वर्गातल्या बाईंचा फोन आला. बाई म्हणाल्या, "आज तिनं अख्खं पान वाचलं. बोट न ठेवता." महिन्याभरात ती बाकावर वीस मिनिटं बसू लागली. कपाळावरची खूण गेली.

पण डबा भरलेला परत येऊ लागला. संध्याकाळी पाच वाजले की गोळीचा अंमल उतरायचा आणि भिंगरी काही कारण नसताना रडत बसायची, तासभर. मिक्सरला ती आधीसारखीच घाबरायची, त्याला गोळीचा काही उपयोग नव्हता. वडिलांच्या पोटऱ्यांवर चालणं तिनं आपणहून बंद केलं. मिस्त्री पाय पसरून बसत, ती शेजारी येऊन बसे. दोन महिन्यांत वजन दोन किलोंनी उतरलं. डॉक्टरांनी गोळी बदलली, वेळ बदलली, रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा काहीतरी खायला द्यायला सांगितलं. रडणं थोडं कमी झालं, बाकीचं तसंच राहिलं.

एकदा वेणी घालताना ताईंनी विचारलं, "आता बरं वाटतं ना गं डोक्यात?"

भिंगरीनं विचार केला. हेही नवीनच होतं, विचारल्यावर विचार करणं. "आधी आत सगळे एकदम बोलायचे," ती म्हणाली. "आता एकच जण बोलतं."

"मग बरंच झालं की."

"हो. पण एकटं वाटतं."

ताई वेणी घालत राहिल्या. केस धरले तरी पोर हलली नाही.

आता भिंगरी अकरा वर्षांची आहे. पाचवीत आहे, पण खरं तर सहावीत असायला हवी होती. तिसरीत पुन्हा बसवल्यामुळे ते एक वर्ष गेलं, आणि ताईंना ते आठ महिने सोडत नाहीत. मिस्त्री त्याविषयी पुन्हा कधी बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं असं ताईंना वाटतं. वर्गातल्या ओळीत भिंगरी सगळ्यांत बुटकी आहे. ते गोळीमुळे की मुळातच, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. मैत्रीण एक आहे, तीही फारशी बोलत नाही, दोघी मिळून चित्रं काढतात. काका निवृत्त झाले, आणि समोर बसणारी नवीन मुलगी विरामचिन्हं गिळते, म्हणून ताईंना दुप्पट लक्ष द्यावं लागतं.

दर उन्हाळ्यात डॉक्टर दोन आठवडे गोळी बंद करून पाहायला सांगतात. या वर्षीही केली. पहिले दोन दिवस घर पूर्वीसारखं झालं. नळ उघडा, कागद सगळीकडे, आणि जेवताना भिंगरीनं दोनदा भात मागून घेतला. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले, आणि ताईंनी हळूच ठरवून टाकलं की या खेपेला डॉक्टरांना म्हणायचं, राहू दे, बघू असंच थोडे दिवस.

चौथ्या दिवशी सकाळी भिंगरी स्वयंपाकघरात आली. केस पिंजारलेले, हातात पाण्याचा पेला.

"आई," ती म्हणाली, "आज दे."

"अगं, सुट्टी आहे ना. डॉक्टरांनी सांगितलंय दोन आठवडे."

"मला माहितीये. पण दे. मला असं नाही आवडत मी."

ताईंनी तिला जवळ बसवलं, खूप समजावलं. तू कशीही असलीस तरी आम्हाला हवीच आहेस, असं सांगितलं. भिंगरीनं सगळं ऐकून घेतलं, पेला हातातच ठेवून. मिस्त्री दारात उभे होते. ते आत आले, वरच्या फळीवरची गोळ्यांची डबी काढली आणि ताईंच्या हातात दिली. ताईंनी झाकण उघडलं.