अडलेली किक

पावसाळ्यात माझ्या शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याला फूग येते. नदी भरली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरेनासं होतं आणि मागे सरकत सरकत रस्त्यावर येऊन बसतं. त्याला ना ओढ असते ना आवाज. रस्त्यात म्हैस बसावी तसं बसलेलं असतं आणि म्हशीसारखंच आपल्या मर्जीनं उठतं.

मी कोल्हापुरात राहते आणि हातकणंगल्याकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. पूर्वी एसटीनं फाट्यापर्यंत जायचं आणि पुढे चालत, असं चालायचं. चाळिशी उलटल्यावर नवऱ्याची जुनी मोटरसायकल शिकले. शिकवली त्यानंच, पण गल्लीत कुणी बघत नाही ना, हे दोन्हीकडे बघून. गाडीनं माझे रोजचे दोन तास वाचवले. त्यातली पंधरा मिनिटं मी परतताना टपरीवर एकटीनं चहा पिण्यात घालवायची, आणि ती पंधरा मिनिटं मला पगारापेक्षा प्यारी होती.

त्या दिवशी फुगीचं पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत होतं. गाडी पाण्यात घालायला नको होती, हे आधीच कबूल करते. वळसा घालून जाता आलं असतं. पण समोरून एक स्कूटरवाला पाय वर धरून आरामात बाहेर आला आणि माझं डोकं फिरलं. त्याला जमतं तर मला का नाही? पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर एकसारखा धरून मी निघाले. मध्ये सोडला नाही की सायलेन्सरमध्ये पाणी शिरत नाही. निम्म्याहून जास्त पार झाले होते. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत वैरण, वैरणीवर तीन माणसं, आणि तिघांनीही मला हात केला. ट्रॅक्टर पुढे गेला आणि त्याची लाट थेट माझ्या सीटपर्यंत आली. गाडीला ठसका लागल्यासारखं झालं आणि ती बंद पडली.

ट्रॅक्टरवाला भला माणूस. पुढे कोरड्यात थांबून माघारी आला. पन्नाशीचा, कुस्ती खेळून कान मोडलेले, दंड माझ्या मांडीएवढे. त्याच्या माणसांनी गाडी ढकलत बाहेर काढली.

"काळजी करू नगा बाई, आत्ता सुरू करतो," तो म्हणाला.

"किक मारू नका. आत पाणी गेलंय. आधी प्लग काढूया."

"व्हय व्हय," म्हणत त्यानं किक मारली. ती अर्ध्यात अडली.

आता शहाण्या माणसानं इथे थांबावं. पण आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला 'का गं अडलीस' असं कुणी विचारत नाही. बरणीचं झाकण असो, फाटक असो की रुसलेला मेव्हणा, जोर लावायचा एवढंच माहीत. अडलेली किक म्हणजे त्या पैलवानाला भर रस्त्यात दिलेलं आव्हानच होतं. त्यानं चप्पल काढून ठेवली. मी पुन्हा म्हणाले, "अहो, प्लग काढा."

"बाई, तुमी सरका जरा बाजूला."

मी सरकले. तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं, बोलले नाही. मदतीला आलेल्या माणसाचं मन मोडवेना. त्यानं अख्खं अंग किकवर टाकलं आणि आत काहीतरी 'कट्' वाजलं. मग तो गाडीवर बसला, दुसरा गिअर टाकला आणि बाकीच्यांनी ढकललं. सायलेन्सरमधून पाण्याची चूळ बाहेर पडली, पांढरा धूर निघाला आणि गाडी सुरू झाली. त्या आनंदात मीही टाळ्या वाजवल्या. आतून टक्‌टक् ऐकू येत होती. ऐकू येऊनही मी गाडी शाळेकडे हाकली. अर्धा किलोमीटर गेले आणि ती गप्प झाली, ती कायमचीच.

टेम्पोत घालून गाडी कोल्हापुरात गॅरेजला आणली. नवऱ्यानं किल्ली खिशात टाकली. आरडाओरडा केला नाही. केला असता तर मीही केला असता आणि मोकळी झाले असते. शेजाऱ्यांना मात्र तो सांगत राहिला, "हिनं पाण्यात घातली की." दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा एसटीत. फाट्यावरून चालताना बुटात चिखल आणि मनात एकच गोष्ट: गाडी दुरुस्त होईलही, पण माझ्या हातात पुन्हा येणार नाही. टपरीवरचा चहा संपला. मला रडू यायचं आणि चहासाठी रडतेय म्हणून स्वतःचा रागही यायचा.

इंजिन उघडायच्या दिवशी मेकॅनिकनं आम्हा दोघांना बोलावलं. आधी त्यानं ऑइल काढलं. दूध जास्त झालेल्या चहासारखं ते बाहेर आलं. मग ब्लॉक काढून पिस्टनचा रॉड उजेडात धरला. जरासाच, पण वाकलेला होता.

"पावणं, ह्ये बघा," तो नवऱ्याला म्हणाला. "आत पाणी असताना कुणी जोर लावलाय? पाणी दाबून दबत न्हाय. मग रॉड वाकतोय."

मी ट्रॅक्टरवाल्याची हकिगत सांगितली.

"मग ह्यात वैनींचं काय चुकलं? बंद पडल्या पडल्या आणली असती तर प्लग काढून, ऑइल बदलून दुपारपर्यंत दिली असती. गाडी पाण्यानं न्हाय, पायानं गेलीया."

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. पण फुकटची निर्दोष सुटका पचवायची मला सवय नाही. मी सांगून टाकलं, की सुरू झाल्यावर टक्‌टक् ऐकूनही पुढे मीच चालवली, आणि पाण्यात घातली तीही हट्टानं. मेकॅनिक हसला. नवरा वाकलेला रॉड हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत राहिला.

गाडी तयार झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चल, शाळेत सोडतो." म्हणजे तो चालवणार आणि मी मागे. ठरलं तर, असं मनाशी म्हणून मी डबा मांडीवर घेऊन बसले. वाटेत टपरी आली आणि गेली.

ओढ्यावर पुन्हा पाणी होतं. थोडंच, घोट्याच्या वर, खालचा रस्ता स्वच्छ दिसत होता आणि माणसं चालत पार होत होती. नवऱ्यानं गाडी थांबवली. बघत राहिला. मग इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला.

"तू घे."

"का?"

"मला भ्या वाटतंय पाण्याचं," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तू घालतीस ती कशी घालतीस कुणास ठावं. मागं बसतो मी."

वीस वर्षांच्या संसारात हा माणूस कशाला भितो हे मला कळलं नव्हतं. मी डबा त्याच्या हातात दिला, पुढे सरकले, पहिला गिअर टाकला. नव्या रॉडचं इंजिन संथ, गोड वाजत होतं. मागून त्यानं माझा खांदा घट्ट धरला होता. मी अजिबात घाई केली नाही.

पलीकडे कोरड्यात आल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि त्याच्या हातात हँडल द्यायला थांबले. डबा पोटाशी धरून तो तसाच बसून राहिला. उतरला नाही.