बास्सूचा चर

हद्दूचा गुडघा मोठा शहाणा होता. चरात उतरायचं म्हटलं की दुखायचा, आणि वर कोणी चहा ओतला की लगेच बरा व्हायचा. डोंगरावरच्या कोणाची त्याबद्दल तक्रार नव्हती. कोणी दगडातले जीवाश्म खणायचे, कोणी विकायचे, आणि हद्दूला विकता यायचं. अल्निफ गावाच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं आणि परक्यांच्या दोन-तीन भाषा तो अस्खलित बोलायचा. पण चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जिवाला याच हद्दूचं नाव लागलंय, हे कळलं तेव्हा त्याच्या वहिनीच्या, तूदाच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. मला विचाराल तर जायलाच हवी होती.

कळलं ते बायकांच्या साक्षरता वर्गात. रशिदिया शहरातून आलेली इल्हाम नावाची तरुण मास्तरीण तिथे शिकवायची. पोरगी गुणी होती. या बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे सगळे डोंगरात जीवाश्म खणतात, हे कळल्यावर तिने मोठ्या संख्या शिकवायला तेच उदाहरण घेतलं. तुमच्या दगडातले किडे समुद्रात जिवंत फिरत होते त्याला इतकी वर्षं झाली, असं म्हणून तिने फळ्यावर चाळीस कोटी लिहिले. ती शून्यांची रांग बघून शेजारची इझ्झा म्हणाली, हा कोणाचा फोन नंबर आहे का? सगळ्या खिदळल्या. तूदा हसली नाही. हा धडा तिचा कधीच शिकून झाला होता, तोही शून्यांवाचून.

तिचा नवरा बास्सू तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी डोंगरावर घेऊन गेला होता. कड्यातल्या थरांवर तिचा हात ठेवून त्याने दाखवलं होतं, की हे सगळे एकावर एक साचलेले समुद्राचे तळ आहेत, खालचा आधीचा, वरचा नंतरचा. आपल्या कुळाच्या पहिल्या आजोबापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, तेवढा तुझ्या नखाखाली मावेल, आणि हा डोंगर बघ केवढा आहे, असं तो म्हणाला होता. तूदाला त्या दिवशी चक्कर आल्यासारखं झालं होतं. पुढे ती घरी बसून त्याने आणलेले किडे सुईने दगडातून सोडवू लागली. चुकून दोन थरांतले दगड एका पिशवीत टाकले की तो ओरडायचा, "आजोबाला नातवाच्या अंथरुणात झोपवतेस होय?"

तर त्या वर्गात इल्हामने मोठ्या कौतुकाने फोन काढला. तुमच्याच गावच्या माणसाचं नाव शास्त्रज्ञांनी एका नव्या किड्याला दिलंय, सगळ्यांनी बघा, म्हणाली. बायका खूश होतील अशी तिची समजूत. फोन हातोहात फिरत तूदाकडे आला. डोक्यावरून मागे वळलेली दोन शिंगं, त्यातल्या डाव्या शिंगाचं टोक किंचित वाकडं. ते टोक तूदाच्याच सुईखाली मोडलं होतं आणि तिनेच जीव मुठीत धरून परत चिकटवलं होतं. अख्खा हिवाळा ती त्या किड्यापाशी बसली होती. तिने नाव वाचून दाखवायला सांगितलं. इल्हाम म्हणाली, हद्दूई, म्हणजे हद्दूचा. सापडला कोणाला? इल्हामने खालचं वाचलं आणि म्हणाली, हद्दूला. सगळ्या बायका तूदाकडे बघू लागल्या, आणि आपलं काय चुकलं ते त्या बिचारीला कळेना.

आमच्या डोंगराचा कायदा साधा आहे. चरात पहिला घाव ज्याचा, त्याचं नाव चराला. त्याची नातवंडं फ्रान्सला जाऊन तिकडचीच झाली तरी चर त्याचाच राहतो. हद्दू काही चंद्रावरून आला नव्हता, याच कायद्यात वाढला होता, शिवाय बास्सूचा चुलतभाऊ. तो शिंगवाला किडा बास्सूने आपल्याच चरातून काढला होता. फुटलेल्या दगडात काळी बारीक रेघ त्याला दिसली, दोन्ही तुकडे त्याने एका फडक्यात बांधून घरी आणले. साफ झाल्यावर हद्दू तो घेऊन गेला आणि म्हणाला, असे आणखी काढ, परके वेडे होतील. त्याच थराच्या मागे बास्सू आत आत खणत गेला आणि वरची दरड खाली आली. दिवसभर माणसं दगड उपसत होती. संध्याकाळी तूदाचा भाऊ इदिर दारात आला आणि खाली बघून म्हणाला, बास्सू सापडला. मयताला सगळ्यांत मोठा गळा हद्दूनेच काढला होता.

हा हद्दू वर्गातल्या त्या दिवसानंतर आठवड्याच्या आतच भेटीला साखरेच्या घट्ट ढेपेचा सुळका काखोटीला मारून तूदाच्या दारात हजर. ईदनंतर परके शास्त्रज्ञ येणार होते. त्यांना जागा बघायची होती, तसले आणखी किडे हवे होते, आणि याने हो म्हणून ठेवलं होतं. पण ज्या चरात माणूस गेला तो चर असा कोणालाही उघडता येत नाही. त्याच्या घरच्या बाईने काठावर भाकरी मोडली तरच उघडतो. मागणाऱ्याने काठावर उभं राहून चर कोणाचा आणि आपण कशासाठी उतरतो ते मोठ्याने सांगायचं, पहिला घास खायचा आणि पहिलं त्यानेच उतरायचं. इदिर केव्हापासून घरी बसून होता, त्याच्यासारखे आणखीही होते. त्यांना काम हवं होतं, म्हणून तोही बहिणीच्या मागे लागला.

तूदाने हद्दूला चहा दिला आणि विचारलं, "त्या किड्याला काय म्हणतात तिकडे?"

हद्दू पेल्यात बघत हसला. "वहिनी, परक्यांची पद्धत असते ती. ते कोणाचंही नाव देतात."

"मग बास्सूचं का नाही दिलं?"

"त्यांनी विचारलं, कोणी आणला? नेला तर मीच होता ना?"

तोंड वर करून बोलला हो हा माणूस. तिच्याच घरात, तिच्याच हातचा चहा पिऊन. वाकड्या शिंगाचा तो जीव केवढा काळ दगडात मुकाट पडून राहिला, नाव नव्हतं तरी त्याचं काही अडलं नाही, आणि शेवटी पदरात पडलं ते हे नाव. तूदाला वाटलं, सुळका उचलून याच्या डोक्यात घालावा. पण ती शांतपणे म्हणाली, भाकरी भाजते. इदिरचा चेहरा खुलला आणि हद्दूने देवाचं नाव घेतलं.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे काठावर जमले. माणसं पहारी, हातोडे घेऊन उभी होती. तूदाने फडकं सोडलं, जवाच्या भाकरीची वाफ वर आली. हद्दू पुढे झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बास्सूचा चर. बास्सूच्या घरच्या परवानगीने उतरतो."

"कशासाठी?" तूदाने विचारलं.

"किड्यासाठी."

"किडे इथे ढिगाने आहेत. कुठला?"

"तो... शिंगवाला."

"त्याला नाव आहे म्हणे आता. सांग की. सगळ्यांना ऐकू दे."

हद्दूने माणसांकडे बघितलं. एकाने पहारीचं टोक तपासायला घेतलं, दुसरा लांबच्या शेळ्या बघू लागला. परक्यांपुढे जे नाव त्याने मिरवलं, ते या काठावर त्याच्या तोंडून फुटेना. तूदाने फडक्याची गाठ मारायला घेतली. तेव्हा ज्याला कामाची सगळ्यांत जास्त गरज होती तो इदिरच म्हणाला, "हद्दू, बोल."

"बास्सूचा," हद्दू म्हणाला. "बास्सूचा किडा. त्याने काढला. मी नुसता नेला."

तूदाला वाटलं होतं, हे ऐकलं की जीव थंड होईल. कसला थंड होतोय? उलट डोक्यात तिडीक उठली. एवढंच बोलायचं होतं! एका दमात बोलून झालं, ना जीभ झडली, ना दुकान बुडालं. मग विचारणारे समोर बसले होते तेव्हा याच्या तोंडाला काय झालं होतं?

तिने भाकरी मोडली आणि पहिला तुकडा त्याच्या हातात दिला. "खा, आणि उतर."

हद्दूने खाली बघितलं. ज्या दरडीने बास्सूला घेतलं, तिचा उरलेला अर्धा भाग वर तसाच होता आणि त्यात हात जाईल एवढी फट पडली होती. तो तुकडा धरून उभा राहिला. मग म्हणाला की इदिर आधी उतरू दे, इदिर हलका आहे. इदिरने हे ऐकलं आणि आपला हातोडा खांद्यावर टाकून तो काठावरून मागे सरला.

"वहिनी, माझा गुडघा..."

"नाव सगळ्या जगात गेलं," तूदा म्हणाली, "आणि नाववाल्याला एक घास गिळवत नाही."

हद्दूने तुकडा दगडावर ठेवला. उरलेली भाकरी तिने तिथेच इदिरच्या गाढवाला घातली आणि ती डोंगर उतरू लागली. माणसंही एकेक करून घरी गेली. चर बंद राहिला, काम बुडालं, आणि इदिर बरेच दिवस बहिणीशी धड बोलला नाही. परके आले, हद्दूच्या दुकानात चहा पिऊन गेले. इल्हामने तिकडे खरं काय ते लिहून कळवलं, त्याचं उत्तर काही आलं नाही. तिकडच्या पुस्तकात अजून हद्दूईच आहे. असू दे. शरम नावाची गोष्ट पुस्तकात छापता येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, तोच थर जिथे परत वर येतो तिथे खणणारा एक माणूस हद्दूच्या दुकानावरून न थांबता थेट तूदाकडे आला. त्याने फडकं सोडून दगडाचे दोन तुकडे तिच्यापुढे ठेवले. फुटलेल्या तोंडावर काळी रेघ होती, शिंगासारखी मागे वळलेली.

"तूदा," तो म्हणाला, "बास्सू सापडलाय."

तूदाच्या हातातली सुई खाली पडली. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग डोळे पुसून त्याच्यावरच खेकसली, "नुसतं सापडला काय म्हणतोस? कुठल्या थरात, ते आधी सांग."